सरूआक्काचा तांब्या

नोव्हेंबरचा दुसरा रविवार, सकाळी अकरा. विषय: खालच्या गल्लीचं गटार. रक्कम: दोन लाख चाळीस हजार. स्थळ: मराठी शाळेचा व्हरांडा. हजर: वहीत सव्वीस, व्हरांड्यात चार. हे चार म्हणजे आमच्या वॉर्डाचे मेंबर परशुअण्णा, पंचायतीचा शिपाई, कटिंग करून घरी परतताना सापडलेला मी, आणि सरूआक्का. सरूआक्काचा पितळी तांब्या धरला तर पाच. तो धरायलाच हवा, कारण पुढे जे झालं त्यात मेंबरांपेक्षा तांब्याचा वाटा मोठा होता.

सरूआक्का कुठल्याही सभेला पाण्याने भरलेला तांब्या घेऊन येते. ग्रामसभा असो, वॉर्डसभा असो, दूध डेअरीची सभा असो. तिच्याकडे म्हैस नाही, पण डेअरीच्या सभेला ती पहिल्या रांगेत असते. सभा लांबली, कुणाला तहान लागली आणि त्याने तांब्याकडे हात नेला, की ती तांब्या पदराखाली घेते. "ते प्याचं न्हाय रं, कामाचं हाय."

काम म्हणजे ओतणं. रस्ता, गटार, समाजमंदिराची फरशी, काहीही बांधायचं ठरलं की सरूआक्का उठते, त्या जागी जाते आणि तांब्या उपडा करते. मग कमरेवर हात ठेवून पाणी कुठे जातं ते बघत उभी राहते. "माझं नगा ऐकू," ती म्हणते, "पाण्याला इचारा." पाणी खोटं बोलत नाही, पाण्याला पार्टी नाही, पाण्याला कुणी चहा पाजलेला नाही, हे तिचे ठरलेले मुद्दे.

आमचं गाव बेळगावपासून अकरा किलोमीटरवर, उचगावच्या बाजूला. मी बेळगावात एका फाउंड्रीत स्टोअरकीपर आहे. तेवीस वर्षं झाली. माल मोजल्याशिवाय सही करायची नाही हा माझा नियम, आणि त्यामुळे ट्रकवाले मला काय म्हणतात तेही मला माहीत आहे. पाच वर्षांपूर्वी मी घरी बाथरूम बांधलं. सिमेंटची पोती अकरा, टाइल्स चौऱ्याऐंशी, सगळं मोजून घेतलं. वास्तूच्या दिवशी सरूआक्का आली ती जेवणाच्या आधी थेट बाथरूममध्ये गेली आणि तिने तांब्या ओतला. पाणी जाळीकडे न जाता दाराकडे निघालं आणि पाहुण्यांच्या चपलांपर्यंत आलं.

"आक्का, सुकल्यावर बसतंय ते," गवंडी म्हणाला.

"तू बस की तवर खाली," सरूआक्का म्हणाली. "पाणी काय थांबून वाट बघतंय व्हय?"

फरशी उचकटून पुन्हा बसवायला एकोणीसशे रुपये लागले. तेव्हापासून मी तिच्याशी वाद घालत नाही.

तिला हे येतं कारण तिने बावीस वर्षं बेळगावात बांधकामावर बिगारी केली. सकाळी सातच्या बसने दोघी जायच्या, ती आणि तिची शेजारीण तानूबाई. खालच्या गल्लीत विहाराच्या समोर शेवटची दोन घरं आहेत, एक सरूआक्काचं, एक तानूबाईचं. बांधकामाच्या त्या दिवसांतून सरूआक्काने एक वाक्य आणलं आहे, आणि ते ती कुठेही वापरते. "पाटी एकटीला भरता येती. गुडघ्यापतोर उचलता बी येती. पर डोक्यावर ठिवायला दुसरी लागती."

वॉर्डसभेला किमान वीस माणसं का लागतात, हे मला कुणी पंचायतीच्या कायद्यातून समजावून सांगितलेलं नाही. सरूआक्काने सांगितलं. पाटीला दोन, गटाराला वीस.

आता तिचा नवरा नाही, मुलगा निपाणीला कॉलेजात शिकवतो. तो दर रविवारी फोन करून तिला बोलावतो. ती गेलीही होती एकदा, आठ दिवस. परत आली. "त्यांच्या बिल्डिंगीची बी सभा असती," तिने सांगितलं, "पर भाडेकरूनं तोंड उघडायचं न्हाय म्हनं. मग तिथं जिना चढून उतरून करू काय?"

तर त्या रविवारी. आमच्याकडे वॉर्डसभेची एक पद्धत पडून गेली आहे. सभेच्या आधी आठवडाभर शिपाई वही घेऊन दारोदार येतो. चहाची वेळ बघून येतो. आपण सही करतो, तो चहा पितो, सभा झाली. मीही केली होती. अनुक्रमांक सतरा. सरूआक्का कधीच करत नाही. शिपायाला तिने विचारलं होतं, "सभा कुटं हाय?" तो म्हणाला, वहीत. "मग वहीत मी बसू कशी? टेकायला भित्त तरी हाय का त्यात?"

व्हरांड्यात परशुअण्णा घाईत होते, त्यांना दोन लग्नं होती. "सव्वीस हजर, ठराव मंजूर," ते म्हणाले आणि वही मिटायला निघाले.

"मोजा," सरूआक्का म्हणाली.

"आक्का, लिवलंय की सव्वीस."

"लिवलंय ते लिवलंय. बोटानं मोजा."

त्याच वेळी मी शाळेच्या फाटकासमोरून चाललो होतो. तिने मला हाक मारली. "बाळू! हिकडं ये. तुझी सही हाय न्हवं यात?"

"आहे."

"सभेला आलतास?"

"आता आलोय की."

"सही कवा केलीस?"

"बुधवारी."

"बुधवारी आजची सभा बघितलीस?" ती म्हणाली. "तुझ्या श्टोरात ट्रक यायच्या आधी सही करतोस काय?"

नाही करत. तेवीस वर्षांत एकदाही नाही. मी शिपायाकडून वही मागितली, अनुक्रमांक सतरावर रेघ मारली आणि शेजारी कारण लिहिलं: सभा न बघता सही. शिपायाने कपाळाला हात लावला. पंचवीस उरले.

मग सरूआक्का वही शिपायाच्या हातात, शिपाई आपल्या पुढे आणि तांब्या आपल्या हातात, अशी गल्लीत निघाली. प्रत्येक सहीच्या दारात उभी राहून ती एकच प्रश्न विचारत होती, "आलतास काय रं?" माणसं हसली, चिडली, दोघं मागच्या दाराने शेतात गेली. पण तोंडावर खोटं बोलायला बहुतेकांना जमलं नाही. दुपारी दोनपर्यंत वहीत नऊ सह्या शिल्लक होत्या. वीसच्या खाली म्हणजे सभा रद्द.

परशुअण्णांची दोन्ही लग्नं चुकली. "आक्का, तुझ्यामुळं गटार बोंबललं," ते संध्याकाळी चावडीपाशी म्हणाले. "पैसे परत गेले तर तुझ्या दारात आनून ठिवतो चिखल."

"ठिव की," ती म्हणाली. "तुझा नकाशा तेच करायलाय."

तिचा मुद्दा हा होता. नकाशात गटार वरच्या गल्लीतून उतरून खाली येत होतं आणि तानूबाईच्या घराच्या मातीच्या भिंतीपाशी संपत होतं. पुढे ओढा अठरा फुटांवर, पण गटार तिथपर्यंत नेलेलं नव्हतं. तानूबाई तीन वर्षांपूर्वी इचलकरंजीला मुलाकडे राहायला गेली, तेव्हापासून घराला कुलूप. कुलूप लावलेल्या घराच्या भिंतीला पाणी लागलं तर बोंब मारायला कोणी नसतं, हे आम्हाला सगळ्यांनाच कळत होतं. सरूआक्काचं घर त्याला लागूनच. त्यामुळे आम्ही मनात धरलं की आक्का स्वतःच्या घरासाठी भांडते आहे. त्यात काही चूकही नव्हती. सभेला जाणारा प्रत्येक जण कुठल्या तरी आपल्या भिंतीसाठीच जातो.

दुसरी सभा तीन आठवड्यांनी भरली. त्या तीन आठवड्यांत सरूआक्का घरोघर हिंडली. सभेला या असं तिने कुणालाही म्हटलं नाही. "तुझ्या मोरीचं पाणी कुटं जातंय?" एवढंच विचारायची. आमच्या गावात हा प्रश्न विचारल्यावर माणूस अर्धा तास बोलतो आणि शेजाऱ्याचं नाव घेतो. मग ती म्हणायची, "हे हितं नगं सांगू. रविवारी सांग." लोक एकमेकांचं बोलणं खोडून काढायला म्हणून आले. मी दोनदा मोजले. चौतीस. त्यात बायका तेरा.

पंचायतीचे विकास अधिकारी म्हणजे पीडीओ आले, तरुण इंजिनिअर म्हणजे जेई आला, आणि सभा व्हरांडा सोडून खालच्या गल्लीत उभी राहिली, कारण आक्काने बसूच दिलं नाही. जेईने गटार जिथे संपणार तिथे तानूबाईच्या भिंतीपाशी लाल फडक्याची खुंटी ठोकली. सरूआक्का चार पावलं वर गेली आणि तिने तांब्या ओतला.

पाणी खुंटीपर्यंत आलं, खुंटीला वळसा घालून भिंतीला टेकलं आणि तिथेच राहिलं.

"बसलं बघा," सरूआक्का म्हणाली. "मातीची भित्त. दोन पावसाळं काढंल, तिसऱ्यात खाली येईल."

जेई कानडीत म्हणाला की एका तांब्यावर उतार ठरत नसतो. सरूआक्काने बांधकामावर शिकलेल्या कानडीत त्याला दुसरा तांब्या आणू का असं विचारलं. बायका हसल्या. जेईने एक पाऊल मागे घेतलं आणि त्याचा बूट त्या पाण्यात गेला.

"आक्का," परशुअण्णा म्हणाले, "खरं सांग. तुला तुझ्या घराची काळजी हाय. तसं सरळ सांग की. कशाला तानूआजीचं नाव फुडं करतीस?"

"व्हय व्हय," मागून कुणीतरी म्हणालं. "आक्काचा बंगला बुडतोय!"

इथे मी पुढे झालो. माझ्या खिशात टेप असतो. मला वाटलं, आकडे मांडले की वाद मिटेल आणि आक्काचीही काळजी जाईल. मी सरूआक्काच्या घराचं जोतं मोजलं. दगडी, दोन फूट एक इंच. खुंटीपासून अंतर नऊ फूट. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की या घराला या पाण्याचा कसलाही धोका नाही. पाणी दोन फूट चढेपर्यंत अर्धं गाव आधी बुडेल.

"मग झालं की!" परशुअण्णांनी टाळी वाजवली. "बाळूनं मोजून सांगितलं. आक्काचं घर शाबूत. घ्या ठराव."

लोक हसले. सरूआक्का माझ्याकडे बघत होती. रागावली नव्हती. बाथरूमच्या वेळी गवंड्याकडे बघितलं होतं तसं बघत होती.

"माझ्या घराचं कोन बोलतंय?" ती म्हणाली. "ते मला ठावं न्हाय व्हय? त्या जोत्याचं दगड मीच वाहिल्यात. ह्या भित्तीचं बोला."

"तिथं कोन ऱ्हातंय, आक्का?"

"तानू."

"तानूआजी इचलकरंजीला. घर रिकामं."

"रिकामं न्हाय," सरूआक्का म्हणाली. "बंद हाय."

मग पीडीओंनी बॅगेतून रजिस्टर काढलं. ते सभ्य माणूस. त्यांनी सांगितलं की पंचायतीच्या दप्तरात त्या जागेवर घर नाही, ‘पडके’ अशी नोंद आहे. तीन वर्षं घरपट्टी भरलेली नाही, कुणी राहत नाही, म्हणून कुणीतरी तशी नोंद केली असणार. पडक्या घरापाशी गटार संपवायला हरकत येत नाही. नांदत्या घरापाशी येते.

"पट्टी भरली तर?" मी विचारलं.

"तर नोंद बदलेल. मग पाइप घालून ओढ्यापर्यंत न्यावं लागेल. सभेनं तसा ठराव केला पाहिजे."

हात वर करायला सांगितले. मी मोजले. चौतीसपैकी एकवीस. परशुअण्णांनी आधी हात खाली ठेवला होता, पण त्यांच्या बायकोने वर केलेला बघून त्यांनीही केला. बावीस.

मंगळवारी मी अर्धा दिवस रजा काढली. पट्टी भरायला घराचा नंबर लागतो, आणि तो तानूबाईच्या दाराच्या चौकटीवर पत्र्यात ठोकलेला होता, पण गंजून वाचता येत नव्हता. सरूआक्का म्हणाली, आत जुनी पावती असेल. तिने कमरेची किल्ली काढली आणि कुलूप उघडलं.

मला वाटलं होतं जळमटं असतील. जमीन सारवलेली होती. चूल पुसलेली. खुंटीवर एक लुगडं घडी करून ठेवलेलं. कोपऱ्यात तिवईवर घागर होती, तोंडावर ताटली. मी ताटली उचलून बघितली. मोजायची सवय. घागर काठोकाठ भरलेली होती.

"हे रोज भरतेस?"

"मग?" सरूआक्का पावती शोधत म्हणाली. "ती सातच्या बसनं येईल, न्हाय तर अकराच्या. कळवून यायची तिची रीतच न्हाय. आल्या आल्या प्यायला ताजं पानी नगं? कालचं पाजू काय?"

"आणि कालचं?"

तिने दाराशी ठेवलेल्या तांब्याकडे हनुवटीने दाखवलं. "कालचं काय, कामाला येतंय."

पावती सापडली, पण अर्धी वाळवीने खाल्लेली. नंबराचे शेवटचे दोन आकडे गेले होते. मी सरूआक्काकडून इचलकरंजीचा फोननंबर घेतला आणि बाहेर रस्त्यावर येऊन तानूबाईच्या मुलाला फोन लावला. त्याने मोबाईलमधला कुठला तरी फोटो शोधून घराचा नंबर सांगितला. मग म्हणाला, "कशाला भरताय साहेब? पडू द्या ते घर. आईचे गुडघे गेलेत, तिला आता जिना पण उतरवत नाही. ती काही परत येत नाही."

"बरं," मी म्हणालो.

"पण तिच्यासमोर बोलू नका हे. ती रोज सकाळी पिशवी भरून ठेवते."

मी आत आलो. सरूआक्काने विचारलं, "काय म्हनला पोरगा?"

"नंबर दिला."

"आनि तानू?"

"पिशवी भरून ठेवते म्हणाला."

"ठिवनारच," सरूआक्का म्हणाली आणि कुलूप लावलं.

पंचायतीच्या खिडकीत कारकून कानडीत पावती लिहीत होता. आकारणी वर्षाला एकशे पस्तीस, तीन वर्षांचे चारशे पाच. सरूआक्काने पदराच्या गाठीतून नोटा काढल्या आणि पाच रुपयांचं नाणं वेगळं ठेवलं. कारकुनाने भरणाराचं नाव विचारलं. तानूबाई, तिने सांगितलं.

"हस्ते कुणाच्या?" कारकुनाने विचारलं. "तुमचं नाव घालू?"

"माझं कशाला?"

"त्या आल्या नाहीत ना. कुणाच्या तरी हातून असं लिहावं लागतं."

सरूआक्काने थोडा विचार केला. बोटाने नाणं खिडकीच्या फळीवर सरळ केलं.

"ती आलती म्हनून लिवा," ती म्हणाली. "पंचायतीत आपलंच मानूस आपल्यासाठी आलतं म्हनून लिवावं लागतंय. न्हायतर पुन्ना पडकं म्हनतीला."

वहीतल्या सभेला न बसणारी बाई. तिने त्या रविवारी अख्ख्या गल्लीला दारात उभं करून विचारलं होतं, आलतास काय रं. कारकुनाने पेन थांबवून माझ्याकडे बघितलं. मी तिथे साक्षीदारासारखा उभा होतो, आणि माझ्या सवयी पंचायतीत सगळ्यांना ठाऊक आहेत.

"लिहा," मी म्हणालो.

त्याने लिहिलं. सरूआक्काला कानडी बोलता येतं, वाचता येत नाही. पावती माझ्यासमोर धरून ती म्हणाली, "वाचून दाखव, बाळू. सगळं वाच." मी सगळं वाचलं.

गटार एप्रिलमध्ये पुरं झालं. ठेकेदाराला दिले दोन लाख एक्कावन्न हजार सहाशे, त्यातले अकरा हजार सहाशे ओढ्यापर्यंतच्या अठरा फूट पाइपाचे. पंचायतीला मिळाले चारशे पाच. भरणार, तानूबाई. स्वतः हजर.